दादासाहेब फाळके : सिनेमाच्या वेडापायी नजर गेली, ती परत आली आणि मग नाशिकच्या उन्हात सिनेमा उभा राहिला

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला राजा हरिश्चंद्र आठवतो, पुरस्कार आठवतो, फार तर बायकोने दागिने विकून दिल्याचा किस्सा आठवतो. पण हरिश्चंद्र पडद्यावर येण्याच्या सुमारे दोन वर्षं आधी हा माणूस जवळपास आंधळा झाला होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

भारताचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा ज्याने बनवला, त्याला सिनेमा बनवायच्या आधीच दिसायचं बंद झालं होतं. काही चरित्रांमध्ये त्याचं कारण मोतिबिंदू असं दिलेलं आहे. पुढे याच माणसाने आयुष्याची मोठी वर्षं भर उन्हात शूटिंग करण्यात घालवली, कारण तेव्हा सिनेमाला सूर्याशिवाय दुसरा दिवा परवडत नव्हता.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. फाळक्यांच्या डोळ्यांना नेमकं काय झालं होतं? आणि ऊन, उष्णता यांचा मोतिबिंदूशी खरंच काही संबंध असतो का?

त्र्यंबकचा मुलगा प्रकाशाच्या नादी लागला

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. गाव त्र्यंबकेश्वर, नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. घरची परंपरा पूजापाठाची आणि शास्त्राची, पण पोराचा ओढा चित्रांकडे.

१८८५ साली ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तिथे चित्रकलेसोबत फोटोग्राफी, छपाई, ब्लॉक बनवणं अशा सगळ्या गोष्टी हाताखालून घातल्या. या सगळ्या उद्योगांत एक गोष्ट सारखी होती, ती म्हणजे प्रकाश. प्रकाश किती येऊ द्यायचा, किती अडवायचा, कागदावर तो कसा पकडायचा, हेच ते वर्षानुवर्षं शिकत होते.

पोटापाण्याचं मात्र काही जमेना. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला, तर १९०० च्या प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ थाटला, तर फोटो काढला की अंगातली शक्ती जाते अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोगही केले.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. ही बाई नसती तर भारतीय सिनेमाचा इतिहास बराच वेगळा लिहावा लागला असता, पण त्याबद्दल पुढे.

मधल्या काळात पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी झाली. ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्म्यांच्या प्रेसची कामं केली. रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनी गाठली. परत आल्यावर भागीदाराशी बिनसलं आणि चाळिशीतला हा कर्ता माणूस धंदा सोडून रिकामा घरी बसला.

पडद्यावर ख्रिस्त, डोक्यात कृष्ण

नेमक्या त्याच काळात, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण दिसत होते. आपले देव असे पडद्यावर आले तर? विचार डोक्यात घुसला तो गेलाच नाही.

त्यानंतर ते मिळेल तो सिनेमा बघायला लागले. पैशांसाठी घरातलं सामानसुमान विकलं. स्वस्तातलं एक छोटं प्रोजेक्टर आणि फिल्मचे तुकडे आणून रात्र रात्र घरात प्रयोग सुरू केले. दिवसा थिएटर, रात्री मेणबत्ती आणि भिंग. झोप जेमतेम तीन तास.

शरीराने किती सहन करायचं? आधी एका डोळ्याने दिसेनासं झालं. डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. ऐकतील ते फाळके कसले. काम सुरूच राहिलं आणि दुसऱ्या डोळ्यानेही साथ सोडली.

चित्रकार, फोटोग्राफर, छपाईवाला, जादूगार. या माणसाचं प्रत्येक कसब डोळ्यांवर उभं होतं. नोकरी नाही, पदरात लेकरं, घरातल्या वस्तू विकून झालेल्या आणि आता नजरही गेलेली. नातेवाईक आणि शेजारपाजारचे त्यांना वेडा समजायला लागले होते.

मुंबईतले नेत्रतज्ज्ञ डॉ. प्रभाकर यांनी त्यांच्यावर उपचार केले. तीन-चार वेगवेगळे चष्मे दिले आणि हळूहळू नजर परत आली. दिसायला लागल्याबरोबर फाळक्यांनी काय केलं असेल? पुन्हा सिनेमा बघायला सुरुवात केली.

तो मोतिबिंदू होता का?

इथे जरा थांबून मोतिबिंदू म्हणजे काय ते बघू.

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. ते मुख्यतः पाणी आणि क्रिस्टलिन नावाची प्रथिनं यांचं बनलेलं असतं. ही प्रथिनं शिस्तीत रचलेली असतात म्हणून प्रकाश आरपार जातो. वय वाढेल तशी ती बिघडतात, एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होतं. अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर जसा पारदर्शक राहत नाही, साधारण तसंच. हाच मोतिबिंदू. एकदा गढूळ झालेलं भिंग पुन्हा स्वच्छ होत नाही. त्यावर थेंब चालत नाहीत आणि चष्माही चालत नाही.

म्हणजे दोन्ही डोळ्यांत पूर्ण मोतिबिंदू पिकला होता आणि तो चष्म्याने बरा झाला, हे वैद्यकशास्त्रात बसत नाही. दुसरं म्हणजे सिनेमा बघून, जागरण करून किंवा बारीक काम करून मोतिबिंदू होत नाही. डोळे थकतात, कोरडे पडतात, डोकं दुखतं, धूसर दिसतं, पण भिंग त्यामुळे गढूळ होत नाही. आज मोबाइलबद्दल जी भीती घातली जाते, तिलाही हेच उत्तर आहे.

चष्म्याने गोष्ट सुधारली, यावरून दोन शक्यता दिसतात. मोतिबिंदूच्या अगदी सुरुवातीला भिंगाचा नंबर बदलतो आणि काही काळ नवा चष्मा कामाला येतो, ही एक. दुसरी शक्यता जास्त साधी आहे. फाळके तेव्हा चाळीस-एक्केचाळीस वर्षांचे होते. या वयात भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचं दिसेनासं होतं. मराठीत त्या चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो. त्यात उपासमार, जागरण आणि मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून फिल्म बघणं. डोळे बंड करतील नाही तर काय?

एक मात्र पक्कं. तेव्हा त्यांना खरोखर पिकलेला मोतिबिंदू असता, तर उपाय फक्त शस्त्रक्रिया होता. त्या काळी भिंग काढून टाकत आणि रुग्ण जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा वापरत असे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडनमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी केली ती १९४९ साली. तोवर फाळक्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती.

लंडन, वाटाण्याचा वेल आणि हरिश्चंद्र

नजर परत आल्यावर फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट धरली. तिथे सिनेमाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघितलं आणि विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेतला. दोन महिन्यांत परत.

पण पैसे लावणारा सावकार पाहिजे ना. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटाभरात कोंब फुटून वेल वर चढताना दिसला. ते बघून नाडकर्णी नावाच्या ओळखीच्या गृहस्थांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली.

दादरच्या बंगल्यात काम सुरू झालं. सरस्वतीबाई दिवसा ६०-७० माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामं करायच्या. दागिने गेलेच होते. सहा महिने आणि २७ दिवसांत ३७०० फुटांचा राजा हरिश्चंद्र तयार झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून ती अण्णा साळुंके यांनी केली. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये सिनेमा लागला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

सूर्य हाच लाइटमन

हरिश्चंद्रानंतर फाळक्यांनी मुंबई सोडली आणि १९१३ मध्येच नाशिक गाठलं. आपलाच मुलूख. गोदावरी, घाट, देवळं, डोंगर, जंगल, पौराणिक कथेला लागतं ते सगळं हाताशी. मोहिनी भस्मासुर आला, त्यात दुर्गाबाई कामत आणि कमला गोखले या मायलेकींनी काम केलं. सत्यवान सावित्री आला. १९१७ मध्ये लंकादहन आला, ज्यात साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. श्रीकृष्ण जन्म आणि कालिया मर्दनमध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली.

हे सगळं शूटिंग उन्हात व्हायचं. तेव्हाची फिल्म आजच्या मानाने फारच मंद होती, तिच्यावर चित्र उमटायला भरपूर उजेड लागायचा. शिवाय ती लाल रंगाला जवळपास आंधळी आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील असायची. असा उजेड फुकटात देणारा एकच होता, सूर्य. त्यामुळे ऊन चढलं की काम सुरू आणि ऊन कललं की बंद.

चेहऱ्यावर सावली पडली तर काय करायचं? सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून भर उन्हात तासन् तास उभ्या राहायच्या, म्हणजे उजेड परत फिरून नटाच्या तोंडावर पडेल. आज ज्याला रिफ्लेक्टर म्हणतात, ते काम तेव्हा चादरीने आणि एका बाईच्या हातांनी केलं. नटाच्या डोळ्यांवर वरून ऊन आणि समोरून त्याचीच तिरीप. कपाळ आणि भुवया वरचं ऊन थोडंफार अडवतात, पण समोरून किंवा खालून परावर्तित होऊन आलेला प्रकाश थेट डोळ्यात जातो. पाण्यावर, वाळूवर, बर्फावर काम करणाऱ्यांचं तेच होतं.

मग उन्हाने मोतिबिंदू होतो का?

थोडक्यात उत्तर : ऊन हे एक कारण आहे, एकमेव नाही.

सूर्यप्रकाशात आपल्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांचा काही भाग बुबुळावरचा पारदर्शक पडदा अडवतो आणि उरलेला बराचसा भिंग शोषून घेतं. भिंग हे एका अर्थाने मागच्या नाजूक पडद्याची, म्हणजे रेटिनाची ढाल आहे. पण या ढालीला दुरुस्ती नाही. भिंगाला रक्तपुरवठा नसतो आणि त्याच्या गाभ्यातली प्रथिनं जन्मापासून तीच असतात. त्वचा उन्हाने करपली तर नवी येते. भिंगाला ती सोय नाही. पडलेलं ऊन आयुष्यभर जमा होत राहतं.

याचा एक प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतल्या चेसापीक खाडीत झाला. पाण्यावर काम करणाऱ्या ८३८ जणांचे डोळे तपासले आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर आयुष्यभरात किती ऊन पडलं याचा हिशोब मांडला. १९८८ मध्ये निष्कर्ष आले. अतिनील-ब किरणांचा साठा दुप्पट झाला, तर भिंगाच्या बाहेरच्या थरातल्या मोतिबिंदूची शक्यता सुमारे १.६ पट होत होती. गाभ्यातल्या मोतिबिंदूशी मात्र तसा संबंध दिसला नाही.

आणि उष्णता?

ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिकला हिवाळ्यात हवा गार असली तरी दुपारच्या उन्हात अतिनील किरण असतातच. उलट भट्टीसमोर ऊन नसतं, पण उष्णता असते.

उष्णतेने भिंग बिघडतं हे भट्ट्यांवरूनच आधी कळलं. काच वितळवणाऱ्या कामगारांना वर्षानुवर्षं धगीकडे बघून मोतिबिंदू व्हायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ब्रिटनने तो व्यवसायातून होणारा आजार म्हणून मान्य केला. भिंगात रक्त फिरत नसल्याने आत शिरलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

हवेतल्या उष्म्याचं काय, यावर अलीकडे जपानमधल्या संशोधकांनी काम केलं आहे. वेगवेगळ्या हवामानात भिंगाचं तापमान किती वाढतं, याचं गणित त्यांनी संगणकावर मांडलं. उष्ण प्रदेशांत गाभ्यातला मोतिबिंदू जास्त दिसतो आणि भिंगात साठणाऱ्या उष्णतेशी त्याचा मेळ बसतो, असं त्यातून पुढे आलं. हा अजून संबंध आहे, पक्का पुरावा नाही. पण दर उन्हाळा आधीच्यापेक्षा तापत असताना तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

बाकी कारणंही आहेतच. वय सगळ्यात मोठं. मग मधुमेह, तंबाखू, स्टेरॉइडची औषधं, डोळ्याला लागलेला मार, घराण्यातला इतिहास. चुलीच्या धुराचाही संबंध भारतातल्या अभ्यासांत दिसला आहे. आता विचार करा, दिवसभर शेतात ऊन आणि संध्याकाळी चुलीपुढे धग आणि धूर, हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला येतं तेव्हा ते माणूस बहुतेकदा कोण असतं? घरातली बाई. सरस्वतीबाईंचा दिवसही असाच होता.

शेवट नाशिकमध्येच

१९२० च्या सुमारास भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काशीला गेले आणि रंगभूमी हे नाटक लिहिलं. काही काळाने परतले, पुन्हा सिनेमे केले. पण काळ बदलत होता. १९३१ मध्ये बोलपट आला. स्टुडिओत मोठाले दिवे आले आणि सूर्यावरचं अवलंबन संपलं. त्यांचा सेतुबंधन मूकपट म्हणून बनला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट आणि तोच शेवटचा.

सुमारे ९५ चित्रपट आणि २० हून अधिक लघुपट करणाऱ्या या माणसाची अखेरची वर्षं नाशिकमध्ये ओढगस्तीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ ला तिथेच ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो २५ वर्षांनी, १९६९ मध्ये. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे.

आपण काय करायचं?

फाळक्यांकडे पर्याय नव्हता. त्यांना ऊन हवंच होतं. द्राक्षबागेत, कांद्याच्या वावरात, बांधकामावर किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर राबणाऱ्यांनाही ऊन टाळता येत नाही. पण डोळ्यांवर पडणारं ऊन कमी करता येतं.

- कडा असलेली टोपी घाला. फेटा किंवा पदर डोकं झाकतो, पण डोळ्यांवर सावली धरत नाही.
- गॉगल घेताना यूव्ही ४०० लिहिलंय का बघा. नुसती काळी काच उपयोगाची नाही. तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर उलट जास्त आत जातात.
- शक्य असेल तर सकाळी १० ते दुपारी ४ मधली कामं सावलीत घ्या.
- भट्टी किंवा वेल्डिंगचं काम असेल तर त्यासाठीचाच चष्मा वापरा, बाजारातला गॉगल तिथे चालत नाही.
- धूसर दिसणं, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसणं, चष्म्याचा नंबर सारखा बदलणं ही लक्षणं असतील तर डोळे तपासून घ्या.
- मोतिबिंदू पिकेपर्यंत थांबायचं, हा जुना समज आहे. रोजच्या कामात अडचण यायला लागली की शस्त्रक्रिया करता येते. ती छोटी असते आणि सरकारी रुग्णालयांतही होते.

फाळक्यांना एकदा नजर गेल्यावर पुन्हा मिळाली, आणि तिचं त्यांनी काय केलं हे आपण शंभरहून अधिक वर्षांनी अजून बघतोय. घरात आई-वडील किंवा आजी-आजोबा हल्ली नीट दिसत नाही म्हणत असतील, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. या आठवड्यात एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.